ताट आत का जातं?

‘ताई, बाबा 72 वर्षांचे आहेत. उठल्यापासून झोपेपर्यंत बातम्यांची चॅनलं, तीही भिंत हादरेल अशा आवाजात. हल्ली शेजाऱ्यांकडेसुद्धा संशयाने बघतात. नातीला खाली खेळायला सोडलं की आरडाओरडा. रात्री उठून उठून दाराची कडी तपासतात. काही बोललं की “तुला बाहेर काय चाललंय ते माहीत नाही” हे ठरलेलं. आई गेल्यावर एकटं वाटू नये म्हणून त्यांच्या खोलीत वेगळा टीव्ही मीच बसवून दिला, जेवणाचं ताटही तिथेच जातं, त्यामुळे आमच्याकडून काही कमी नाही. बातम्यांची चॅनलं काढून टाकू का? की डॉक्टरांना दाखवू?
– वैतागलेला मुलगा’

‘ताटही तिथेच जातं.’ हे तुम्ही सेवेच्या खात्यात मांडलंय. माझ्या मते सगळी गडबड तिथेच आहे.

आई गेली, तिच्या रिकाम्या जागेसमोर तुम्ही टीव्ही टांगलात. मग जेवणही आत पाठवायला लागलात. म्हणजे दिवसभरात बाबांनी खोलीबाहेर यावं असं एकही कारण शिल्लक ठेवलं नाहीत. आणि आता तक्रार काय, तर त्यांच्याशी जो दिवसभर बोलतो त्याचंच ते खरं मानतात. मग कोणाचं मानावं त्यांनी? तुमचं? तुम्ही ताट ठेवून परत फिरता.

टीव्हीची बाजू घ्यायची मला हौस नाही. बातमीदार पाठवून बातमी आणायला पैसे लागतात. चौकटीचौकटीत माणसं बसवून त्यांना भांडायला लावणं स्वस्त पडतं. जाहिरातींचे दर टीआरपीवर ठरतात, आणि बघणारा जागचा हलू नये यासाठी भीती आणि राग यांच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. म्हणून सीसीटीव्हीतली तीच काही सेकंदांची चोरी सकाळपासून रात्रीपर्यंत फिरत राहते. चोरी एकदाच झालेली असते, बाबांच्या खोलीत ती दिवसभर होत राहते.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉर्ज गर्बनर यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षानुवर्षं याचा अभ्यास केला. भरपूर टीव्ही बघणाऱ्यांना जग आहे त्याहून धोकादायक वाटतं आणि माणसांवर भरवसा ठेवावासा वाटत नाही, असं त्यांना दिसलं. 2013 मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. पुढचा आठवडाभर रोज सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ टीव्ही आणि इतर माध्यमांतून त्याच बातम्यांत बुडालेल्या लोकांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे हजर असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तेव्हा बाबांचं कडी तपासणं म्हणजे हट्ट नव्हे. ते खरोखर घाबरलेत, आणि घरात हे कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

गर्बनरांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. टीव्ही बघून माणूस भितो, की आधीच धास्तावलेला, एकटा पडलेला माणूस घरात बसून जास्त टीव्ही बघतो? विद्वानांचा वाद चालू राहू दे. तुमच्या घरात आधी काय झालं ते तुमच्याच पत्रात आहे.

चॅनलं काढू नका. बाप काय बघतो यावर मुलाने कुलूप घालायचं, हा अपमान आहे. त्यापेक्षा खोलीतला टीव्ही हॉलमध्ये आणा आणि आजपासून ताट आत नेणं बंद करा. गुपचूप नको, तोंडावर सांगा, ‘बाबा, मला तुमच्याबरोबर जेवायचंय.’ चिडतील. चार दिवस अबोला धरतील. मग हॉलमध्ये बसून तेच चॅनल लावतील, आणि हातातला मोबाइल बाजूला ठेवून तुम्हाला ते सोसावं लागेल. सोसा. जाहिराती लागल्या की आवाज बंद करा आणि नेमकी कशाची भीती वाटते ते विचारा. शेजाऱ्यांबद्दल काही वेडंवाकडं बोलले तर तिथल्या तिथे खोडून काढा. रिमोटवरून भांडण होईल, ते तर व्हायलाच हवं. किती दिवसांत ते कोणा माणसाशी भांडलेले नाहीत!

वेळ नसतो, हे मला कळवू नका. टीव्ही आणून भिंतीवर ठोकून घ्यायला होता.

राहिलं डॉक्टरांचं. जरूर न्या, पण आधी कानाच्या डॉक्टरांकडे. भिंत हादरवणारा आवाज कोणी मजा म्हणून ठेवत नाही. ज्याला कमी ऐकू येतं तो चौघांच्या गप्पांतून हळूहळू अंग काढून घेतो, कारण दर वाक्याला ‘काय?’ म्हणायची लाज वाटते. टीव्हीचं बरं असतं, त्याचा आवाज वाढवता येतो. श्रवणयंत्र लागलंच तर ते अंगवळणी पडायला काही आठवडे जातात. तेवढ्यात ‘बाबा ते घालतच नाहीत’ म्हणून मला दुसरं पत्र धाडू नका.