एच-इंडेक्स ४८ आणि १३, गाइड कोण निवडू?

प्रश्न: मला प्युअर मॅथ्समधे पीएचडी करायचीय. एक सर आहेत, गूगल स्कॉलरवर त्यांचा एच-इंडेक्स ४८, पेपर मेडिकल, स्टॅटिस्टिक्स, समाजशास्त्र सगळीकडे. दुसऱ्या मॅडम फक्त गणितात, त्यांचा १३. सगळे म्हणतात ४८वाल्यांकडेच जा. एवढा फरक म्हणजे सर खरंच इतके पुढे आहेत का?

उत्तर: नाही, या दोन आकड्यांवरून तसं अजिबात म्हणता येत नाही. एच-इंडेक्स ४८ म्हणजे ४८ पेपर असे की प्रत्येकाला किमान ४८ सायटेशन्स आहेत, म्हणजे इतर पेपरांनी त्याचा तेवढ्या वेळा संदर्भ दिलाय, बस एवढंच. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मधे हे माप सुचवलं आणि तेव्हाच सांगितलं होतं की वेगवेगळ्या विषयांत हा आकडा वेगवेगळा येतो. मेडिकलमधे माणसं भरपूर, पेपर भराभर येतात, प्रत्येकाच्या शेवटी लांबलचक संदर्भयादी, त्यामुळे सायटेशन्स पटापट वाढतात. गणितात पेपर कमी, यादी छोटी आणि एखादा निकाल लोकांच्या वापरात यायलाच कितीतरी वर्षं जातात, त्यामुळे तिथला १३ चांगला वजनदार असू शकतो.

आणि सायटेशन म्हणजे मोठेपणा असंही नाही हो. लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा पेपर, प्रोटीन मोजायची एक पद्धत, त्याला ३ लाखांवर सायटेशन्स आहेत, आणि डीएनएची रचना सांगणारा वॉटसन-क्रिकचा १९५३ चा पेपर त्याच्या आसपासही नाही. कारण पद्धत रोज लॅबमधे वापरली जाते आणि वापरली की संदर्भ द्यावाच लागतो. सरांचं स्टॅटिस्टिक्स मेडिकल पेपरांत असंच वापरलं जात असेल तर ते कामाचंच आहे, त्याला कमी लेखू नका, पण त्यावरून त्यांचं गणित कळत नाही.

अजून एक, लेखक किती आहेत ते बघाच. २०१५ मधे हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावर एक पेपर आला त्याला ५ हजारांवर लेखक होते, आणि एच-इंडेक्समधे प्रत्येकाला पूर्ण क्रेडिट, वाटणी नाहीच. मेडिकलमधे सहसा पहिलं आणि शेवटचं नाव महत्त्वाचं असतं, गणितात बहुतेक वेळा नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने येतात म्हणून तिथे क्रमावरून काही ठरवू नका.

तर असं करा, सरांची प्रोफाइल उघडून पेपर विषयवार वेगळे काढा आणि फक्त गणिताचे किती, गेल्या पाच वर्षांतले किती ते बघा. मग मॅडमची तुलना त्यांच्याच शाखेतल्या, साधारण तेवढीच वर्षं काम केलेल्या लोकांशी करा आणि दोन्हीकडे डेटाबेस एकच ठेवा, कारण गूगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलमधे छापायच्या आधीच टाकलेले पेपर) सगळं धरतं म्हणून तिथला आकडा स्कोपस या दुसऱ्या डेटाबेसपेक्षा सहसा मोठाच दिसतो. स्कोपसमधे विषय, वर्ष आणि पेपरचा प्रकार लक्षात घेऊन काढलेलं एक मापही (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) मिळतं, त्यात १ म्हणजे जागतिक सरासरी, विषय वेगळे असले की मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं, फक्त पेपर थोडे असले तर एखाद्या गाजलेल्या पेपरने तेही फुगतं.

शेवटी दोघांचे दोन-दोन पेपर स्वतः वाचा, नाही कळले तरी वाचा, आणि त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचारा की गाइड आठवड्याला किती वेळ देतात. माझं मत विचाराल तर गणितच करायचं असेल तर आधी मॅडमना भेटा.