स्पोर्ट्स कार किती खाली घ्यावी? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : महोदय, मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. मागील वर्षी नागपूरहून दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी ही दोन दारांची गाडी जुनी घेतली. चाक आणि मडगार्ड यांच्यामधील फट डोळ्यांना खुपते, म्हणून गाडी ४० मिमी खाली घेण्याचा विचार आहे. मी एकटा बसलेला असताना पोटाखालची सर्वांत सखल जागा जमिनीपासून १३० मिमी भरते. गावाच्या वेशीवरचा गतिरोधक ९० मिमी उंच आणि जेमतेम दोन फूट रुंद आहे. महिन्यातून दोनदा समृद्धी महामार्गाने नागपूरला जातो. एरवी गाडी तालुक्याच्या रस्त्यांवरच असते. योग्य उंची कोणती?
— एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : आपण मापे घेऊन पत्र लिहिले, त्यामुळे उत्तरही मापातच देता येते. ४० मिमीचा विचार सोडून द्यावा. आपल्या गाडीला आणि आपल्या रस्त्याला १५ मिमी ही शेवटची हद्द आहे, आणि १० मिमीवर थांबलात तर मला अधिक समाधान वाटेल.

आधी गतिरोधकाचे पाहू. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात गोल पाठीचा गतिरोधक १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितला आहे. आपल्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २४६८ मिमी आहे, म्हणजे अशा गतिरोधकाच्या पाठीवर चारही चाके एकाच वेळी मावतात आणि मधला फुगवटा पोटाकडे केवळ ४५ मिमी वर येतो. वेशीवरचा दोन फुटी गतिरोधक मात्र पुढची चाके उतरल्यानंतर आणि मागची चढण्यापूर्वी संपूर्ण पोटाखाली सापडतो. त्या क्षणी चारही चाके सपाट जमिनीवर असतात आणि त्याची ९० मिमी उंची पूर्णच्या पूर्ण मोजावी लागते. मानकातल्यापेक्षा उंचीने तो कमी आहे, तरी पोटाखाली त्याला दुप्पट जागा लागते.

आता वजाबाकी करू. १३० मधून ९० गेले की ४० मिमी उरतात. शेजारी दुसरी व्यक्ती आणि मागे थोडे सामान आले की गाडी आणखी सुमारे १० मिमी बसेल असे धरू. पुढची चाके गतिरोधकावरून उतरताना नाक खाली दबते, त्यासाठी अगदी हळू चालवूनही १० मिमी धरावे लागतात. खडी, चिखलाचा गोळा, टायरमध्ये कमी भरलेली हवा यांसाठी ५ मिमी बाजूला ठेवले, तर हाती १५ उरतात. ४० मिमी खाली घेतलेली गाडी आपण एकटे बसलेले असतानाच त्या गतिरोधकाला टेकेल.

यात आपल्या भागातील जमिनीचा हिशेब अजून आलेला नाही. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आकसते, आणि तिच्यावरचा पातळ डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. त्यावरून कापसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेल्या की गतिरोधकाच्या अलीकडे आणि पलीकडे हमखास चाकोऱ्या पडतात. गाडीची चाके चाकोरीत बसतात आणि पोट मात्र मधल्या उंचवट्यावर येते, त्यामुळे रस्त्याच्या मधोमध ९० मिमी भरणारा गतिरोधक गाडीच्या दृष्टीने १०० मिमीचाही असू शकतो. म्हणून एक काम अवश्य करावे. सुमारे अडीच मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी गवंड्याकडून मागून आणावी आणि तिच्या दोन्ही टोकांखाली २०० मिमी उंचीचे लाकडी ठोकळे बसवावेत. पुढचे-मागचे ठोकळे चाके जिथे टेकतात त्या चाकोरीत ठेवून पट्टी गतिरोधकावरून थोडी-थोडी पुढे सरकवावी आणि पट्टीखालची सर्वांत कमी फट मोजावी. ठोकळे चाकोरीत असल्याने ही फट मात्र मधल्या उंचवट्यावर, म्हणजे पट्टीच्या पातळीत आडवी काठी धरून, मोजली पाहिजे. ही फट २०० मधून वजा केली की खरी गरज कळते. नेहमीच्या वाटेवरील प्रत्येक गतिरोधकावर आणि नाल्याच्या प्रत्येक रपट्यावर हे करावे. त्यात सर्वांत वाईट निघेल तोच आकडा आपली उंची ठरवील. महिन्यातून दोनदा मिळणारा समृद्धी महामार्ग नव्हे.

पोट टेकणे ही नुकसानीची एकच बाजू आहे. दुसरी बाजू बाहेरून दिसत नाही, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते याचे मला फार वाईट वाटते. गाडी उभी असताना चाकाला वर येण्यासाठी, बंप स्टॉपचे (चाकाची वरची हालचाल शेवटी अडवणारे) रबर लागेपर्यंत, काही जागा राखलेली असते. समजा ती ६० मिमी आहे. गाडी ४० मिमी खाली घेतली की २० मिमी उरतात. खड्ड्याचा तोच धक्का ६० ऐवजी २० मिमीत जिरवायचा असेल, तर स्प्रिंग नऊ पट कडक लागेल, कारण स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एवढी कडक स्प्रिंग कोणी बसवत नाही. म्हणून चाक प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर आदळते आणि वळणात ते आदळले तर टायरची पकड अचानक सुटते. हीच गाडी १५ मिमी खाली घेतली तर ४५ मिमी उरतात आणि पावणेदोन पटीच्या आसपास कडकपणा पुरतो. तेवढा कडकपणा सांभाळणारे शॉकॲब्सॉर्बर मिळतात. जुने शॉकॲब्सॉर्बर तसेच ठेवून केवळ स्प्रिंगा बदलल्यास गाडी उसळत राहते.

तिसरी गोष्ट वळणावर लक्षात येते. आपल्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब, आहे. गाडीखाली वाकून पाहिलेत तर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) आतल्या बुशपासून, म्हणजे रबरी सांध्यापासून, बाहेरच्या बॉल जॉइंटकडे, म्हणजे चाकाजवळच्या गोल सांध्याकडे, जाताना किंचित खाली उतरलेला किंवा आडवा दिसेल. वळणात गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, त्याला रोल सेंटर म्हणतात, आणि त्याची उंची या आर्मच्या कोनावर अवलंबून असते. गाडी खूप खाली घेतली की बाहेरचे टोक आतल्या टोकापेक्षा वर जाते. मग गुरुत्वमध्य जेवढा खाली आला त्यापेक्षा रोल सेंटर अधिक खाली जाते. दोहोंमधील अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, वाढते. त्यामुळे गाडी दिसायला बसकी होते, पण त्याच स्प्रिंगांवर पूर्वीपेक्षा जास्त कलते. शिवाय आर्म आडव्याच्या पलीकडे गेला की चाक दबताना त्याचा वरचा भाग आत झुकण्याऐवजी बाहेर जाऊ लागतो, आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) कोन आर्मच्या कोनाशी जुळत नसल्याने खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप हलते. माझा साधा नियम असा आहे की, माणसे बसलेली असताना लोअर आर्म आडव्या रेषेच्या वर जाऊ नये. आपल्या गाडीत गतिरोधकाचा आकडा आणि हा नियम यांपैकी जो आधी अडवील, तिथेच थांबावे.

प्रत्यक्ष काम करताना उंची जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज आणि हवा यांनी ती बदलते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उभे अंतर मोजावे; गाडी सपाट फरशीवर, टाकी अर्धी भरलेली आणि चालकाच्या जागी आपण किंवा आपल्या वजनाची धान्याची पोती असावीत. चारही कोपऱ्यांची मूळ मापे वहीत लिहून ठेवावीत. पुढच्या आणि मागच्या उंचीत जो मूळ फरक आहे तो कायम ठेवावा. रिंग फिरवून उंची बदलता येणारी कॉइलओव्हर (स्प्रिंग व शॉकॲब्सॉर्बरचा संच) बसवणार असाल, तर पुढच्या स्ट्रटवर रिंग १० मिमी फिरवली की चाकही जवळपास तेवढेच हलते. मागे मात्र स्प्रिंग आर्मवर आतल्या बाजूला बसलेली असते. ती आतल्या बुशपासून आर्मच्या दोन-तृतीयांश अंतरावर असेल तर रिंगचे १० मिमी म्हणजे चाकाचे १५ मिमी होतात. हे ठाऊक नसलेला मेकॅनिक गाडीचे मागचे अंग नकळत जास्त खाली घेतो.

आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी जॅकवर टांगलेली असताना पक्के आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकवून, गाडी तिच्या नव्या उंचीवर असताना आवळावेत. नाहीतर रबर कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून मोजणी व अलाइनमेंट (चाकांच्या कोनांची जुळणी) तेव्हा पुन्हा करावी. हेडलाइटचा झोतही तपासावा. आपल्या गाडीला झेनॉन दिवे असतील तर झोत आपोआप जुळवणाऱ्या सेन्सरचे माप कॉम्प्युटरवर नव्याने बसवावे लागते.

आणखी एक गोष्ट खेड्यातील गाडीसाठीच सांगतो. हंगामात सोयाबीन आणि तूर मळणीसाठी रस्त्यावर पसरतात, पऱ्हाटीचे भारे वाहताना काड्या सांडतात. बसक्या गाडीच्या पोटाखाली या काड्या अडकतात आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेट घेऊ शकतात. अशा पसाऱ्यावरून गाडी नेऊ नये, आणि न्यावीच लागली तर पुढे थांबून खाली वाकून पाहावे. बरीच खाली घेतलेली एक गाडी मी स्वतः वापरली आहे. पावसाळ्यातील एका संध्याकाळी रपट्यावरील उघड्या पडलेल्या दगडाने तिचे चेंबर (इंजिनच्या तळाचे तेलाचे भांडे) फोडले, आणि तेल संपण्याआधी इंजिन बंद केले म्हणूनच ते वाचले.

प्रश्न : माझ्या गाडीला खाली घेणाऱ्या स्प्रिंगा बसवल्यापासून पुढचे टायर आतल्या कडेने झिजत आहेत. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) वाढल्यामुळे असे होणारच, असे गॅरेजवाले सांगतात. हे खरे का?
— एक वाचक, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : अर्धेच खरे आहे. गाडी खाली आली की चाके वरच्या बाजूने थोडी आत झुकतात, पण एवढ्याने टायर इतक्या लवकर जात नाहीत. खरा दोषी बहुधा टो असतो, म्हणजे चाकांची पुढची टोके आत किंवा बाहेर वळलेली असणे. उंची बदलताच टाय रॉडच्या कोनामुळे टो बदलतो, आणि चाके बाहेर वळलेली असली तर टायर प्रत्येक फेरीत रस्त्यावर घासत चालतो. आत झुकलेल्या चाकात ही घासण आतल्या कडेवर एकवटते. आधी टो उत्पादकाच्या मापात आणून घ्यावा, बॉल जॉइंट व टाय रॉडची टोके ढिली नाहीत हे पाहावे, आणि अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्यावा. झिजलेले टायर पुढे तसेच ठेवून फरक कळणार नाही.

प्रश्न : शॉकॲब्सॉर्बरला हात न लावता स्प्रिंगचा एक वेढा कापून देतो, असे एका वेल्डरने सुचवले आहे. खर्च फार कमी आहे. शिवाय यासाठी आरटीओकडे जावे लागते का?
— एक वाचक, ता. मूल, जि. चंद्रपूर

उत्तर : कापून घेऊ नये. स्प्रिंगचे टोक तिच्या बैठकीत नेमके बसावे असे घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही, आणि चाक खड्ड्यात पूर्ण लोंबले की आखूड झालेली स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. कापताना गॅसची ज्योत वापरली तर त्या भागातील पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग तिथेच बसते किंवा मोडते.

कायद्याच्या बाबतीत, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेले सुटे भाग बसवून केलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी, कोणत्या भागाऐवजी कोणता भाग बसवणार हे लिहून परिवहन कार्यालयाकडे अर्ज द्यावा आणि उत्तर लेखीच घ्यावे. विमा कंपनीलाही त्या उत्तराची प्रत द्यावी आणि तिची पोच जपून ठेवावी. अपघातानंतर दाव्याच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून पाहतो तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.