दुसऱ्याच आठवड्यात ‘मी परत येते’

मे संपून जून लागला की समुपदेशक म्हणून एक प्रश्न मला दरवर्षी हमखास येतो. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठात उन्हाळी सत्राला गेलेली असते. विमानतळावरचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर पडून आठवडा-दीड आठवडा झालेला असतो. आणि घरी फोन येतो, “मला नाही जमत, मी परत येते.” आई-वडील विचारतात, बोलावून घ्यायचं का? त्याला जोडून दुसरा प्रश्न असतो, बहुधा वडिलांचा: मग भरलेल्या पैशांचं काय?

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मूळची सांगलीची, पुण्यात अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज स्वायत्त असल्यामुळे तिची परीक्षा वेळेत उरकली होती. (सगळ्यांचं असं जुळत नाही. आपल्याकडचे पेपर आणि तिकडचं मे अखेरीला सुरू होणारं पहिलं उन्हाळी सत्र यांची अनेकदा टक्कर होते. अर्ज भरण्याआधी तारखा शेजारी शेजारी मांडून बघा.) बॉस्टन शहरातलं मोठं विद्यापीठ, सहा आठवडे, चार-चार क्रेडिटचे (क्रेडिट म्हणजे अभ्यासाचा भार मोजायचं एकक) दोन कोर्स: एक संख्याशास्त्राचा, दुसरा शहरांच्या अर्थशास्त्राचा. फी, वसतिगृह, विमान, विमा धरून खर्च दहा लाखांच्या वर गेलेला. वडील सहकारी बँकेत नोकरीला. त्यांनी मुदत ठेव मोडली होती आणि ही गोष्ट घरात वरचेवर बोलली जात होती.

उन्हाळ्यात बॉस्टन आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे असतं. माझ्या सकाळच्या सातला तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. पहिल्या व्हिडिओ कॉलला तिने नमस्कार करून थेट सांगितलं, “मॅडम, मी हुशार नाहीये. इथे आल्यावर कळलं.” पुरावा तयारच होता. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत शंभरपैकी अठ्ठावन्न. दुसऱ्या वर्गात तर तिने अजून तोंडच उघडलं नव्हतं.

अशा वेळी मी आधी झोप आणि जेवण विचारते. झोप चार तास. जेवण म्हणजे ब्रेड, दही, केळी. जूनमध्ये तिथे साडेआठच्या सुमाराला सूर्य मावळतो, त्यामुळे संध्याकाळ झाली असं तिला वाटायचंच नाही आणि मेसची वेळ टळून जायची. मरणाचे विचार येतात का, हेही मी आडवळण न घेता विचारते. थेट विचारल्याने ते विचार डोक्यात घुसतात हा गैरसमज आहे. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. तरी तिच्या फोनमध्ये 988 हा अमेरिकेतला संकटकालीन नंबर सेव्ह करून घेतला आणि विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात नाव नोंदवायला लावलं. मी पुण्यात बसलेली. रात्री-अपरात्री काही लागलं तर माझा तिला काय उपयोग?

मग आम्ही कागद-पेन घेतलं. अमेरिकेत क्रेडिटचा सर्वसाधारण हिशेब असा असतो: एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास वर्गाबाहेर, असं साधारण 15 आठवडे. म्हणजे चार क्रेडिटच्या कोर्सचे 180 तास. उन्हाळी सत्रात कोर्स तोच, अभ्यासक्रम तोच, आठवडे मात्र सहा. 180 भागिले सहा, म्हणजे आठवड्याला 30 तास. आणि हिचे कोर्स दोन. तिने साठचा आकडा लिहिला आणि म्हणाली, “पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.”

कुणीच सांगत नाही. माहितीपत्रकावर नदीकाठच्या हिरवळीवर पुस्तक घेऊन बसलेली मुलं असतात. घरचे सुट्टीतला कोर्स म्हणतात, आणि सुट्टी शब्द आला की कोर्स हलकाच असणार असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी नेहमीच्या सत्रातले पाच आठवडे उलटलेले असतात. नव्या देशात सरावायला लागणारा काळ मात्र कुणासाठी आकसत नाही. वसतिगृहातली खोली, ट्रामचं कार्ड, प्राध्यापकांचे उच्चार, डाव्या-उजव्याचा गोंधळ हे सगळं शिकून व्हायच्या आत पहिली चाचणी येऊन गेलेली असते. अठ्ठावन्न मार्कांतून त्या मुलीची बुद्धी कळत नाही. ती कुठल्या तारखेला तिथे उतरली, एवढंच त्यातून कळतं.

हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. समजुतीच्या वाक्यांनी कुणाला फारसं काही पटतही नाही, म्हणून आम्ही साठ तास कुठे जातात ते बघायला घेतलं.

शहरांच्या अर्थशास्त्राला रोज साठ-सत्तर पानांचं वाचन होतं. ती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचत होती आणि वहीत नोट्स काढत होती, सुवाच्य अक्षरात, मथळ्यांना लाल पेन. शाळेपासून अंगवळणी पडलेली पद्धत, जिच्या जोरावर बारावीला ब्याण्णव टक्के मिळाले होते. त्या वह्या तिने कॅमेऱ्यासमोर धरल्या तेव्हा मलाच वाईट वाटलं, इतक्या त्या सुंदर होत्या. मी विचारलं, “सगळं वाचायचं असं सरांनी सांगितलंय का?” “नाही, पण दिलंय ना.”

मग दोन्ही कोर्सचे सिलॅबस उघडायला लावले. आपल्याकडे सिलॅबस म्हणजे धड्यांची यादी. तिथे तो जवळजवळ करारनामा असतो: कशाला किती टक्के, उशीर झाला तर किती कापणार, प्राध्यापक कधी आणि कुठे भेटणार. हिने दोन्हींचं पहिलं पान वाचून ते मिटले होते. संख्याशास्त्राच्या सिलॅबसमध्ये चौथ्या पानावर लिहिलं होतं की चाचण्यांपैकी सर्वांत कमी मार्कांची एक चाचणी धरली जाणार नाही. म्हणजे ज्या अठ्ठावन्नावर गेले तीन दिवस रडणं चाललं होतं, ते पुसले जाण्याची सोय आधीच होती. ती पहिल्यांदा हसली ती तिथे.

शहरांच्या अर्थशास्त्राच्या सिलॅबसमध्ये प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळाही होत्या. ती गेली नव्हती. का, तर सरांना त्रास कशाला द्यायचा, आणि तिथे कच्ची मुलं जातात. अगं, ती वेळ त्यांनी तुमच्यासाठीच राखून ठेवलेली असते. कुणी आलं नाही तर ते रिकामे बसतात. तिने ईमेलचा मसुदा पाठवला. त्यात तीनदा माफी होती आणि वडिलांच्या नोकरीचा उल्लेख होता. आम्ही तीन ओळी ठेवल्या: मी कोण, मला काय कळत नाहीये, मी कधी येऊ. ती गेली. प्राध्यापकांनी वीस मिनिटं दिली आणि सांगितलं की शोधनिबंधाची प्रस्तावना, तक्ते आणि शेवट वाच. मधलं चर्चेत लागेल तेवढंच. तेवढ्याने तिचे रोजचे दीड-दोन तास मोकळे झाले.

वर्गात बोलण्याचा प्रश्न निराळा. चर्चेतल्या सहभागाला 15 टक्के मार्क होते आणि ही गप्प. इंग्रजी चांगलं होतं, पण वाक्य मनात जुळवून होईपर्यंत विषय पुढे सरकलेला असायचा. मी अशा मुलांना एकच सुचवते: एक वाक्य घरून घेऊन जा आणि पहिल्या दहा मिनिटांत बोलून टाक, नंतर दिवसभर गप्प बसलीस तरी चालेल. त्या आठवड्यात विषय होता पाण्याजवळची घरं आणि त्यांच्या किमती. बॉस्टनचा बॅक बे हा आजचा महागडा भाग म्हणजे एकोणिसाव्या शतकात भर घालून तयार केलेली जमीन, आणि समुद्र चढला तर अशा भागांचं काय होणार यावर तिथे चर्चा चालू असते. ही मुलगी ऑगस्ट 2019 च्या कृष्णेच्या पुरात नातेवाइकांच्या घरी गच्चीवर अडकलेली. ती वर्गात म्हणाली की आमच्याकडे घर बघायला येणारा माणूस आता खोल्या मोजण्याआधी भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते विचारतो. वर्गाने तिला पुढची दहा मिनिटं सोडलं नाही.

इथवर वाचून वाटेल की सगळं सुरळीत झालं. तसं नाही. तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा रडली. उन्हाळी वसतिगृहात माणसं सतत येत-जात असतात. ओळख होईतो समोरची खोली रिकामी. आईने मावशीच्या नणंदेचा फ्रेमिंगहॅमचा पत्ता काढून दिला. लोकल पकडून शनिवारी तिथे पोळी-भाजी खाऊन आली, बरं वाटलं, आणि रविवारी घरची आठवण दुप्पट झाली. 19 जूनला जूनटीन्थची (गुलामगिरी संपल्याच्या स्मरणाची) सुट्टी आहे हे तिला आदल्या दिवशी कळलं. ती दिवसभर झोपली. माझ्या मते त्या सहा आठवड्यांतला सर्वांत उपयोगी दिवस तो.

या सगळ्यात वडील मला फोन करून विचारत होते, “काय म्हणाली ती?” ते मी सांगत नाही, तिच्या परवानगीशिवाय कधीच नाही. त्यांनी विद्यापीठालाही मुलीची प्रगती कळवा म्हणून ईमेल टाकला होता. नम्र नकार आला आणि ते चिडले, “पैसे मी भरले!” अमेरिकेत 1974 चा कायदा आहे. महाविद्यालयात शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवरचा हक्क त्या विद्यार्थ्याकडे जातो, मग वय अठराच्या आत का असेना. पालकांना मार्क कळायचे तर सहसा मुलाने सांगितले तरच. आपल्याला हे रुचत नाही, पण आधी माहीत असलं तर निदान अपमान वाटत नाही.

आता मूळ प्रश्न, बोलावून घ्यायचं का? कधी कधी हो. झोप पूर्ण उडाली असेल, खाणं सुटलं असेल, जिवाचं बरंवाईट करून घ्यायची भाषा असेल, तर पैसे आणि मार्क बाजूला ठेवा. पण परत यायचं तर रीतीने. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याने आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला न विचारता एक कोर्सही सोडू नये, कारण पूर्णवेळ शिकणं ही त्या व्हिसाची अट आहे. गंमत म्हणजे अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं किंवा चुकीच्या पातळीच्या कोर्सला बसणं ही कारणं तिथल्या नियमांतच भार कमी करण्यासाठी मान्य केलेली आहेत, फक्त परवानगी आधी हवी आणि मर्यादा आहेत. कार्यालयाच्या संमतीने शिक्षण सोडलं तर देश सोडायला 15 दिवस मिळतात. न सांगता विमानात बसलात तर नोंद बिघडते आणि पुढच्या व्हिसाच्या मुलाखतीत ती समोर येऊ शकते. कोर्सही आपोआप रद्द होत नाही. गैरहजर राहून एफ, म्हणजे नापासाची, ग्रेड पडते, आणि पुढे पदव्युत्तर प्रवेशाला ती गुणपत्रिका द्यावी लागते. मुदतीत रीतसर माघार घेतली तर तिथे डब्ल्यू, म्हणजे ‘विथड्रॉन’चा शेरा, येतो, तो खपून जातो. ही मुदत उन्हाळ्यात फार लवकर संपते, आणि फी परत मिळण्याची तर त्याहून लवकर.

हे सगळं तिला आणि घरच्यांना एकाच कॉलवर सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला. ती थांबली. शेवटी संख्याशास्त्रात बी, शहरांच्या अर्थशास्त्रात ए मायनस. वडिलांनी विचारलं, “बी म्हणजे सेकंड क्लास का हो?” पुण्यातल्या कॉलेजने ती क्रेडिट धरली नाहीत, कारण जाण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी घेतलं नव्हतं. त्याच विद्यापीठात पुढे एम.ए.ला प्रवेश सोपा होईल, ही घरच्यांची आशाही मला खोडावी लागली. उन्हाळी सत्रात घेतलं म्हणजे पदवीला घेतलं असं कुठलंही मोठं विद्यापीठ मानत नाही.

आता धाकट्या भावाला जायचं आहे. वडिलांचा फोन या वेळी जानेवारीतच आला. पहिला प्रश्न होता, “मॅडम, कोर्स सोडायची शेवटची तारीख कुठे बघायची?” विद्यापीठाच्या उन्हाळी वेळापत्रकात, म्हटलं, आणि ते त्यालाच शोधू द्या.