‘तूही त्यांच्यातलीच का?’

प्रिय मावशी,
तीन वर्षांपूर्वी माझा बाप्तिस्मा झाला. घरात मी एकटीच विश्वासणारी. एका कंपनीच्या तपासणी विभागात काम करते. जेवणाआधी मी क्षणभर डोळे मिटते, तेव्हा समोरचे दोघे हात जोडून माझी नक्कल करतात. सहा महिन्यांपूर्वी न झालेल्या तपासणीची नोंद ‘झाली’ म्हणून करायला सांगितलं, मी नाही म्हटलं. तेव्हापासून साहेब कामापुरतंही धड बोलत नाहीत आणि मला ‘संतीणबाई’ नाव पडलंय. घरच्या ग्रुपवर मी रोज सकाळी बायबलचं वचन टाकते, त्यावर कुणी काही बोलत नाही. भाऊ म्हणतो, “तू देवाची झालीस, पण आमची राहिली नाहीस.” चर्चच्या मंडळीत सांगितलं तर म्हणतात, छळ होतोय म्हणजे तू धन्य आहेस, आनंद कर. मला आनंद होत नाही. आणि आता खरं काय ते सांगते. मागच्या आठवड्यात नव्यानं आलेल्या मुलीनं सहज विचारलं, “तूही त्या ख्रिस्ती लोकांतलीच का?” माझ्या तोंडून निघून गेलं, “छे गं, तसं काही नाही.” तेव्हापासून झोप नाही. नोकरी सोडू का? गप्प राहू की उघड बोलू? आणि एकदा नाकारलं ते परत मिळतं का?
– एक भित्री

प्रिय लेकी,

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडवली आहे.

येशूला अटक झाली त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याला कुणी विचारलं, आठवतं? शिपायानं नाही, महायाजकानं नाही. अंगणात शेकोटी पेटली होती, एका दासीनं त्या उजेडात त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, हाही त्याच्याबरोबर होता. तो नाही म्हणाला. मग पुन्हा, आणि पुन्हा. त्याच्या गालीली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखलं, तरी तो शपथा घेत राहिला. आणि हाच पेत्र काही तासांपूर्वी बागेत मशाली आणि हत्यारं घेऊन आलेल्या जमावासमोर तलवार उपसून उभा राहिला होता.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या प्रसंगी लागणारं धैर्य वेगळं आणि आडवाटेनं आलेल्या सहज प्रश्नाला लागणारं धैर्य वेगळं. पहिल्यासाठी माणूस कंबर कसून असतो, दुसरं त्याला बेसावध गाठतं. तू साहेबांसमोर खोट्या नोंदीला नाही म्हणालीस, तेव्हा तुझी नोकरी पणाला होती. नव्या मुलीच्या प्रश्नात काहीच पणाला नव्हतं आणि तिथे पाय घसरला. सहा महिने रोज टोमणे खाऊन थकलेल्या माणसाचं असं होतं. तू जे केलंस ते चुकलं, त्याला मी दुसरं नाव देणार नाही. पण तुझ्या सहीतला शब्द मला मान्य नाही. भित्र्या माणसानं ती नोंद केव्हाच करून टाकली असती.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारीक धागा आहे. कोळशाच्या विस्तवासाठी जो ग्रीक शब्द तिथे आला आहे, तो सगळ्या नव्या करारात फक्त दोनदा येतो. एकदा त्या अंगणात, जिथे पेत्र हात शेकत नाकारत होता. आणि दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर, तळ्याच्या काठी, जिथे येशूनं विस्तव करून त्यावर मासळी ठेवली होती. त्या विस्तवापाशी येशूनं ‘तू असं का बोललास?’ हा प्रश्न काढलाच नाही. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ एवढंच तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा काम सोपवलं. नाकारलेलं परत मिळतं का, तर मिळतं, आणि मिळतं ते जबाबदारीसकट.

जपानचं उदाहरणही तुला सांगावंसं वाटतं. १६१४ साली तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली. पुढे लोकांना येशूच्या किंवा मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत, आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करण्यासाठी. कितीतरी जणांनी पाय ठेवला, घरी जाऊन क्षमा मागितली आणि दाराआड लेकरांना प्रार्थना शिकवल्या. १८६५ साली नागासाकीत नव्यानं बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावातली काही माणसं आली आणि तिथल्या फ्रेंच धर्मगुरूला त्यांनी हळूच सांगितलं, आमचं अंतःकरण तुमच्यासारखंच आहे. अडीचशे वर्षं ज्यांनी विश्वास जपला, त्यांच्यात प्रतिमेवर पाय ठेवलेल्यांची मुलं-नातवंडं होती. मी पाय ठेवण्याचं समर्थन करत नाही. पण तुझ्या एका ‘छे गं’नं सगळं संपलं, हे मला कुणी पटवू शकणार नाही.

आता मंडळीतल्या लोकांच्या बोलण्याबद्दल. ते तुला पेत्राच्याच पहिल्या पत्रातला आनंद सांगतात, पण पत्र अर्धं वाचून. ते पत्र पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे. त्यात सांगितलेला त्रास बहुतेक जिभेचाच आहे. लोक निंदा करतात, पूर्वी आमच्यात होतात आणि आता का नाही म्हणून नवल करतात. तुझं ऑफिस त्यात ओळखू येतं. पण पुढे पेत्र म्हणतो, तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये. खुन्याच्या यादीत त्यानं लुडबुड करणाऱ्याला बसवलंय! म्हणजे विश्वासणाऱ्याला होणारा प्रत्येक त्रास ख्रिस्तासाठीच असतो असं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. जगात आजही असे देश आहेत जिथे घरात बायबल सापडणं हाच गुन्हा ठरतो. म्हणून ‘छळ’ हा शब्द मी जपून वापरते. तुझं दुखणं खरं आहे, पण ते एक नाही, तीन आहेत, आणि तिघांचं औषध वेगवेगळं.

नोंदीचं प्रकरण अस्सल आहे. इ. स. ११२च्या सुमारास त्याच बिथुनिया-पंत प्रांतात धाकटा प्लिनी हा रोमी अधिकारी होता. ख्रिस्ती लोकांचं काय करावं, असं त्यानं सम्राट त्राजानाला पत्रानं विचारलं. हे लोक नक्की करतात काय, हे शोधायला त्यानं मंडळीत सेवा करणाऱ्या दोन दासींचे हाल केले. (पेत्राच्या अंगणातही दासी आणि इथेही दासीच, पण किती वेगळ्या!) एक विकृत, अतिरेकी अंधश्रद्धा, यापलीकडे त्याला काही आढळलं नाही. चौकशीत कळलं ते एवढंच, की ही माणसं ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि शपथ घेतात की चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली ठेव नाकारणार नाही. शत्रूच्या कागदावर ही नोंद राहिली. तुझ्या ऑफिसात न झालेल्या तपासणीपुढे तुझी सही नाही, ती याच जातीची गोष्ट आहे.

पण नकार कसा द्यावा, हे बाबेलच्या राजवाड्यात नेलेल्या दानिएलाकडून शीक. राजाचं अन्न नको, एवढं सांगून तो थांबला नाही. कारभारी घाबरला होता, मुलं खंगलेली दिसली तर राजा माझं डोकं उडवील म्हणाला. दानिएलानं ती भीती खरी मानली आणि दहा दिवस भाजीपाला देऊन पाहा, असा मार्ग सुचवला. तुझ्या साहेबांच्या मानेवरही वरून कुणाचा तरी हात असेल. तुझा नकार अजून तोंडीच असेल तर त्यांना दोन ओळींची ईमेल कर: ‘अमुक तपासणी झालेली नाही. ती करायला मी तयार आहे, लागल्यास जास्त वेळ थांबेन, झाली की लगेच नोंद करीन.’ त्यात वचन नको, उपदेश नको. प्रत जपून ठेव, कुणी काय सांगितलं ते तारखेनिशी लिहून ठेव. पुन्हा दबाव आला तर कंपनीत तक्रार ऐकणारी जी व्यवस्था असेल तिच्याकडे जा. ती तपासणी ज्यांच्या सुरक्षिततेसाठी आहे, त्यांच्या वतीनं जा.

नक्कल करणाऱ्या दोघांचं फार मनावर घेऊ नकोस. त्यातल्या जरा बऱ्या माणसाला एकटं गाठून शांतपणे सांग, “मला ते लागतं.” बरेचदा एवढ्यानं भागतं. डोळे मिटणं सोडू नकोस आणि जास्त वेळ मिटूही नकोस. प्रार्थनेवर बंदी आली तेव्हाही दानिएल यरुशलेमेकडची खिडकी उघडी ठेवून दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला, आणि शास्त्र तिथे मुद्दाम सांगतं की तो पूर्वी करत असे तसंच. बंदी आली म्हणून त्यानं खिडकी लावून घेतली नाही, आणि लोकांना दिसावं म्हणून नवीन खिडकीही पाडली नाही.

भावाचं बोलणं मात्र मला टोचलं. तरुणपणी माझ्या पहिल्या नोकरीत सगळे माझ्याशी तुटक वागायचे. मी वर्षभर समजत होते, हे प्रभूमुळे. शेवटी एका बाईनं तोंडावर सांगितलं, “तुम्ही सकाळच्या प्रार्थनासभेहून रोज उशिरा येता, तेव्हा तुमचं काम मी करते.” मी घरी जाऊन रडले. तिचं म्हणणं खरं होतं, आणि वर्षभर मी तिला साधं ‘थँक यू’ही म्हटलं नव्हतं. म्हणून तुला विचारते: गेल्या तीन वर्षांत भावाला तू वचनं किती पाठवलीस आणि ‘कसा आहेस’ म्हणून फोन किती केलेस? ग्रुपवरचं रोजचं वचन आजपासून बंद कर. विश्वास न ठेवणाऱ्या नवऱ्यांविषयी पेत्र बायकांना सांगतो, त्यांना शब्दांवाचून जिंकता येईल. भावांनाही ते लागू पडतं असं मला वाटतं. त्याला भेटायला जा, त्याची एखादी अडचण उचल आणि त्या भेटीत प्रभूचा विषय तू होऊन काढू नकोस.

नोकरी सोडण्याबद्दल थोडक्यात. लाज वाटते म्हणून सोडू नकोस. बाबेलात कैद करून नेलेल्या यहुद्यांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र लिहिलं, त्यात पळून या असं नव्हतं. घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असं होतं. ऑफिसातल्या पूजेला हजेरी लावण्यासारख्या कुठल्या गोष्टीवरून मन खात असेल, तर इस्राएलच्या देवावर विश्वास ठेवलेला परका सेनापती नामान आठव. धन्याला हाताचा आधार द्यायला मला रिम्मोनाच्या देवळात वाकावं लागेल, त्याची क्षमा असावी, असं तो म्हणाला. अलीशा संदेष्ट्यानं त्याला वाद न घालता शांतीनं जा म्हटलं. पण खोट्या सहीवाचून तिथे राहताच येणार नाही अशी वेळ आली, तर सोड. त्यासाठी काही महिन्यांचा खर्च आत्तापासून बाजूला टाकायला लाग आणि दुसरीकडे अर्ज करत राहा.

राहिली ती नवी मुलगी. हे याच आठवड्यात कर, लांबलं की जड होईल. कुणी नसताना तिला म्हण, “त्या दिवशी तू विचारलंस आणि मी खोटं बोलले. मी ख्रिस्ती आहे. इथे त्यावरून चेष्टा होते म्हणून घाबरले होते. तुला खरं सांगायचं होतं.” तिनं पुढे विचारलं तर सांग, नाही विचारलं तर तिच्या कामाचं काय चाललंय ते विचार. ती नवी आहे, तिलाही तिथे कुणी ओळखीचं नसेल. तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं, हे वाक्य पेत्रानंच लिहिलंय. ते वाचताना मला दर वेळी अंगणातली ती दासी दिसते. तिला तो उत्तर देऊ शकला नव्हता. तुझी दासी अजून शेजारच्या टेबलाशीच बसलेली आहे.

पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या वयस्कर बाईला हे सगळं एकदा नीट सांग, अगदी त्या ‘छे गं’सकट. ‘धन्य आहेस’ म्हणून कुणी तुला वाटेला लावायला लागलं, तर म्हण, “आधी माझ्याबरोबर बसून प्रार्थना करा.”

त्या नव्या मुलीशी बोललीस की मला कळव. ती काय म्हणाली ते नंतर लिही, त्या रात्री झोप लागली का, ते आधी.

तुझी,
मावशी