आजी ‘काय नाही’ म्हणतात तेव्हा

प्रश्न: मी जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केज तालुक्यातल्या एका गावात आमची कम्युनिटी पोस्टिंग चालू आहे. घरोघर फक्त म्हातारी माणसं आणि लहान पोरं. काहीही विचारलं तरी आजी म्हणतात, ‘काय नाही माय, बरंय.’ फॉर्म कोराच राहतो. काय करू?
– एक विद्यार्थिनी, जि. बीड

उत्तर: दसरा-दिवाळी झाली की बीडची जोडपी ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, घर, शेळ्या, नातवंडं सगळं आजीच्या गळ्यात. अशा बाईला ‘बरं नाही’ म्हणायची सोयच नाही. दवाखान्यात नेणार कोण आणि तोवर शेळ्या बघणार कोण?

म्हणून फॉर्म पिशवीतच राहू दे. ‘आजी, तुमच्या गोळ्या दाखवा बरं,’ एवढंच म्हण. कोनाड्यातून, ट्रंकेतून पाकिटं निघतील. आरोग्य केंद्रातली बीपीची गोळी, मेडिकलमधून परस्पर आणलेली गुडघ्याची, कधी शेजारणीचीसुद्धा. गुडघ्याची ती वेदनाशामक गोळी रोज घेतली तर बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. हे तू वर्गात शिकलीस, ते तिथं समोर दिसेल.

मग आजींना बाजेवर पाच मिनिटं पडू दे आणि बीपी घे. उभं केल्यावर एका मिनिटानं घे, तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घे. तेवढा वेळ मैत्रिणीला त्यांचा दंड धरायला सांग. वरचा आकडा 20 नं किंवा खालचा 10 नं उतरला, तर पहाटे उठताना पडायचा धोका आहे. उन्हाळ्यात तो वाढतो. वयानं तहान मंदावते, त्यात रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून बऱ्याच जणी संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. खुब्याचं हाड मोडलं की त्या घरात आजींना कूस बदलून द्यायलाही कोणी नसतं.

आकडे उतरलेले दिसले तरी गोळी तू बंद करायची नाहीस. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना त्याच दिवशी दाखव, आशाताईंच्या कानावर घाल. आणि तुमच्या मॅडमना माझं नाव घेऊन सांग, पोरींना रोज नवी घरं देऊ नका. तीच दोन-तीन घरं पोस्टिंग संपेपर्यंत द्या. फॉर्म दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत भरला तरी चालेल.