"कोडिंग येत नाही, मग रोबोटवर टिकेन का?"

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा २३ वर्षांचा. आयटीआय इलेक्ट्रिशियन, चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी मेंटेनन्स टेक्निशियन. वडिलांना घेऊन आमच्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आला होता. बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, मला कोडिंग येत नाही. रोबोटवर माझं काही खरं नाही." वडिलांच्या हातात पायथॉन या कोडिंगच्या भाषेच्या क्लासचं पत्रक होतं. फी ६० हजार, पहिला हप्ता परवा.

आयटीआय-डिप्लोमाची मुलं ही भीती नेहमी घेऊन येतात. अशा वेळी आधी विचारायचं ते एवढंच : शेवटचा घोळ नेमका काय झाला?

जरा वेळाने त्याने सांगितलं. रविवारी शटडाउनमध्ये फॅनक कंपनीच्या वेल्डिंग रोबोटच्या बॅटऱ्या त्याने बदलल्या. सोमवारी पेंडंटवर, म्हणजे रोबोट चालवायच्या हातातल्या पॅनेलवर, 'एसआरव्हीओ-०६२' हा बॅटरीचा अलार्म, अर्धी पाळी लाइन बंद, आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रोग्रॅमिंग येत नाही तर हात कशाला लावतोस?"

यात प्रोग्रॅमिंगचा संबंध काय? रोबोटच्या बुडाशी, जुन्या टॉर्चमध्ये असायचे तसले डी साइजचे, दीड व्होल्टचे ४ सेल असतात. प्रत्येक सांधा किती फिरला ते मोजणारा एन्कोडर असतो; कंट्रोलर बंद असताना त्याची स्मृती हेच सेल जपतात. वर्षाला बदलायचे, पण कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून. याने इलेक्ट्रिशियनच्या सवयीने आधी मेन स्विच पाडला, मग सेल काढले. एरवी पॅनेलवर काम करताना ती सवय बरोबरच. इथे मात्र रोबोट आपला हात कुठे आहे तेच विसरला.

"पुढे काय केलंस?" हे विचारल्यावर त्याचा आवाज बदलला. पल्सकोडरचा (फॅनकच्या एन्कोडरचा) अलार्म रीसेट केला, कंट्रोलर बंद करून चालू केला, एकेक सांधा हळूहळू फिरवून शून्याच्या खुणा जुळवल्या, मास्टरिंग केलं, म्हणजे हेच शून्य असं रोबोटला पुन्हा शिकवलं. तरी वेल्ड सरकलेलेच पडत होते. साहजिक आहे. खुणा डोळ्यांनी जुळवलेल्या. बुडाच्या सांध्यात ०.१ अंशाची चूक राहिली आणि हात २ मीटर लांब असला, तर टोकाला साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून टी-वन मोडमध्ये, म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत, एकेक पॉइंट तपासून टच-अप करावा लागतो, म्हणजे सरकलेला पॉइंट जागेवर आणून पुन्हा नोंदवावा लागतो. तो त्यानेच केला होता, सीनियर शेजारी उभा असताना. म्हणजे ज्याला तो 'कोडिंग' म्हणत होता, त्यातला निम्मा भाग त्याच्या हातून होऊन गेला होता.

त्याला महिनाभर वहीत प्रत्येक ब्रेकडाउन लिहायला सांगितलं : अलार्म, कारण, उपाय, वेळ. वही आली तेव्हा तिच्यात होतं ते असं : मनगटाजवळ पिळून आतून तुटलेली केबल, स्पॅटर (वेल्डिंगचे उडालेले थेंब) बसून अडकलेला, भाग जवळ आला की ओळखणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर, क्लॅम्पला कमी पडलेली हवा, झिजलेली वेल्डिंग टिप. पायथॉन कुठेच नाही. केबलचं दुखणं तर असं, की हात एका ठरावीक कोनात आला की २४ व्होल्ट गायब, सरळ झाला की परत. मल्टिमीटर लावून तो कोन शोधणं हे इलेक्ट्रिशियनचंच काम.

कमी होतं ते वेगळंच. रोबोटला कुठले सिग्नल येतात-जातात ते दाखवणारा इनपुट-आउटपुटचा स्क्रीन वाचता येत नव्हता, आणि कामाआधी रोबोटच्या प्रोग्रॅमचा बॅकअप घ्यायची सवय नव्हती. या दोन गोष्टी कामावरच शिकता येतात. पीएलसी, म्हणजे लाइन चालवणारा कंट्रोलर, आणि त्याची लॅडर नावाची आकृतीसारखी प्रोग्रॅमिंगची पद्धत त्यानंतर. क्लास लावायचाच असेल तर तिथे एकच विचारा : एका रोबोटमागे मुलं किती आणि पेंडंट प्रत्यक्ष हातात किती तास? डिग्री नाही याची खंत असेल, तर दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाचा रस्ता आहे.

भीतीचा आणखी एक पदर शेवटी निघाला : रोबोटच्या सेलमध्ये, म्हणजे त्याच्या कुंपणाच्या आत, शिरताना छाती धडधडते. हे आम्ही घालवायला गेलो नाही. कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात, पेंडंट आत जाणाऱ्याच्याच हातात. पेंडंटमागचा डेडमॅन स्विच घाबरून सोडला तरी रोबोट थांबतो, घाबरून आवळला तरी थांबतो. सोडलेला, अर्धा दाबलेला, पूर्ण आवळलेला असा तो तीन स्थितींचा केलाय तो दचकणाऱ्या माणसाचा विचार करूनच.

हप्ता भरला नाही. पुढच्या वेळी तो एकटाच आला. बॅटरीच्या झाकणावर आता मार्करने तारीख लिहिली आहे, खाली 'कंट्रोलर चालू ठेवून'. वडिलांनी मात्र फोनवर विचारलं, "ते सगळं ठीक, पण पर्मनंट कधी करणार?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. कंत्राटदाराकडून कामाचं स्वरूप लिहिलेलं अनुभवपत्र दरवर्षी मागून घ्या, एवढंच सांगितलं.