विद्यापीठात पुनर्स्थापनात्मक न्याय शिकवण्यासाठी अनुदान मागताना प्रस्तावात काय असावे?

पुनर्स्थापनात्मक न्याय म्हणजे गुन्ह्याने झालेली हानी भरून काढण्यासाठी पीडित आणि गुन्हा करणारे यांच्यात संवाद घडवणारी न्यायपद्धती. प्रस्ताव केवळ व्याख्यानमालेसाठी आहे की त्यातून प्रत्यक्ष संवाद घडवून आणणारी माणसे तयार होणार आहेत, हे प्रस्तावात प्रथम स्पष्ट व्हावे. म्हणून अंदाजपत्रकातील सर्वांत मोठी रक्कम प्रशिक्षित संवादकांचे मानधन आणि विद्यार्थ्यांचा सराव यांसाठी ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांत बसून, बोलण्याची पाळी दाखवणारी फिरती वस्तू आपल्या हाती येईपर्यंत मध्ये न बोलता ऐकत राहणे, हे पुस्तकातून येत नाही. पीडित व्यक्ती आपला अनुभव सांगायला येणार असतील, तर त्यांचे मानधन, प्रवासखर्च आणि समुपदेशन यांची तरतूद हवीच; ती नसलेला प्रस्ताव मला या विषयाशीच विसंगत वाटतो.

पार्श्वभूमी म्हणून १९७४ मधील कॅनडातील एल्मिराचे प्रकरण, ज्यात मालमत्तेची नासधूस करणाऱ्या दोन तरुणांना नुकसान सोसलेल्यांच्या दारी नेण्यात आले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने २००२ मध्ये सदस्य राष्ट्रांपुढे ठेवलेली या न्यायपद्धतीची मूलतत्त्वे, एवढे पुरते.

अनुदानाला मुदत असते. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात देणगीतून या विषयाचे स्वतंत्र अध्यासन उभे राहिले. तसा कायम निधीचा विचार पहिल्याच प्रस्तावात लिहावा.